शेवाळाची पुरवणी

मूळ उत्तरपत्रिकेची पाने कोरी असतानाच मोठ्या रुबाबात उठून पुरवणी मागणारा एक तरी महाभाग परीक्षेच्या दालनात असतोच. त्याच्या निकालाची चौकशी आम्ही कधी केली नाही, परंतु परवा हिंगोलीतील आमच्या आळीत एका वृद्ध मामांच्या ओसरीवर बसलो असता त्याची आठवण आम्हांस फार तीव्रतेने झाली.

मामांना गालाच्या आत कर्करोगाची गाठ निघालेली. शस्त्रक्रियेची तारीख लिहिलेला मुंबईच्या दवाखान्याचा कागद औंढ्याच्या नागनाथाच्या तसबिरीमागे खोचलेला. आणि समोर स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांची डबी मांडून, तळहातावर तंबाखू मळीत मळीत, तिचे माहात्म्य कथन करणारा एक विक्रेता बसलेला. "मामा, हे औषध नाही, पूरक आहे," तो म्हणाला, "पण औषधाचा बाप आहे! मुंबई कुठं पळून चालली?" अंगणात सूनबाई हौदाचे शेवाळ काथ्याने खरवडून गटारात लोटीत होत्या, ओसरीवर त्याच्याच भाऊबंदांचा भाव डबीला दीड हजार रुपये चालला होता.

भाऊबंद म्हटले खरे, पण स्पिरुलिना हे शास्त्रदृष्ट्या शेवाळही नव्हे. तो सूर्यप्रकाशावर जगणारा एक जिवाणू असून, आफ्रिकेतील चाड सरोवराकाठचे लोक त्याच्या वड्या वाळवून कालवणात घालीत आले आहेत. त्यात साठ टक्के प्रथिने असतात हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नव्हते. फक्त दिवसाच्या तीन ग्रॅम गोळ्यांतून दोन ग्रॅमही प्रथिने पोटात जात नाहीत, आणि मूठभर फुटाण्यांतून त्याहून अधिक जातात, एवढा तपशील त्याने अदबीने गाळला. घाणेरड्या पाण्यात वाढलेल्या मालात यकृतास घातक विषे उतरू शकतात, म्हणून असले काही घेण्यापूर्वी ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कानी घालावे लागते, हाही.

"केरळात सिद्ध झालंय," हे त्याचे ब्रह्मास्त्र. झाले होते, पण काय? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर, म्हणजे कर्करोगाच्या आधीच्या पायरीवर, रोज एक ग्रॅम स्पिरुलिना वर्षभर देण्यात आली. ४४ जणांपैकी २० जणांचे चट्टे नाहीसे झाले, न घेणाऱ्या ४३ पैकी तिघांचे. आणि गोळ्या थांबताच वर्षभरात त्या विसांपैकी नऊ जणांचे परत आले. अभ्यास आस्था बाळगण्याजोगा आहे. मात्र तो चट्ट्याचा आहे, गाठीचा नव्हे, आणि ती गाठ ज्या तंबाखूने येते तीच तंबाखू तो अभ्यास सांगताना विक्रेत्याच्या गालात होती.

ज्या जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि जिच्या सत्त्वाच्या कॅप्सुला कर्करोगावरच गुणकारी म्हणून सातासमुद्रापार खपतात, त्याच जिल्ह्यात आम्ही चाडचा मेवा गिळावा आणि त्यांनी आमची हळद, हा व्यापार न्याय्य म्हटला पाहिजे. हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे उतरत नाही, तेव्हा ठकवणुकीचा जमाखर्च उभयपक्षी जुळतो.

राहिला सरकारचा प्रश्न. १९५४ सालच्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कर्करोग बरा करण्याची जाहिरात गुन्हा ठरवली, आणि जाहिरात म्हणजे केवळ पत्रक व वेष्टन नव्हे, तर तोंडी घोषणा, प्रकाश, ध्वनी आणि धूरसुद्धा, अशी तिची व्याख्या केली. धुरापर्यंत विचार करणाऱ्या त्या दूरदर्शी मसुदाकारांना ओसरी सुचली नाही असे कोण म्हणेल? ओसरीच कायदा राबवणाऱ्यांना सापडत नाही. आम्ही डबी उलटी करून पाहिली. तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, "औषधी उपयोगासाठी नाही" या अर्थाचे शब्द छापलेले होते. त्या साऱ्या बैठकीत खरे बोलणारा तेवढाच एक कोपरा.

तो मजकूर आम्ही मामांना मराठीत वाचून दाखवला. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग, "तारीख कधीची आहे गं?" असे त्यांनी अंगणाकडे पाहून विचारले. सूनबाईंनी हिरवे हात पदराला पुसून तसबिरीमागचा कागद काढला. तारीख मागल्या सोमवारची होती.

"बरंच झालं," विक्रेता म्हणाला, "म्हणजे तीन महिन्यांचा कोर्स मधे तुटणार नाही," आणि त्याने पावतीपुस्तकात कार्बन सरकवला.