६३ सेकंदवाले सर

डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला, नीट-पीजीला, प्रश्न २००. २०२४ पासून त्यांचे पाच भाग झाले, ४० प्रश्नांना ४२ मिनिटं. भागाकार केला की प्रश्नामागे ६३ सेकंद पडतात. हा भागाकार सरांनी फार मनावर घेतला आहे. हॉटेलात वेटर समोर आला की ६३ सेकंद मेन्यूकार्ड चाळतात, मग "पुढचा प्रश्न" म्हणून ते मिटतात आणि शेजारच्या टेबलावर जे आलं असेल ते मागवतात.

रविवारी सकाळी सर आसनगावला लोकलमधून उतरतात आणि शहापुरात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर इमर्जन्सीची उजळणी घेतात. खाली कधी साखरपुडा असतो. समोर बसतात ते किन्हवली, डोळखांब, धसई या बाजूंचे वैद्यकीय अधिकारी, त्यातले निम्मे रात्रपाळी करून आलेले. मुरबाडकर एसटीने येतात. मुरबाडला रेल्वे यायची आहे. ती येईपर्यंत एसटी आहे.

इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला आपल्याकडे २००९ साली मान्यता मिळाली. सर त्याआधीचे, म्हणून ती पदवी त्यांच्याकडे नाही. पण ती कशी मिळवावी हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

"विंचू चावलाय. दरदरून घाम, हातपाय गार, फुप्फुसात पाणी. काय द्याल?"

"प्राझोसिन!" सगळा वर्ग ओरडतो. कोकणपट्टीत एवढं कुणालाही येतं. मग सर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट सांगतात: १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेलं काम, २०२२ ची पद्मश्री. सांगताना त्यांचा गळा खरोखर दाटतो. लगेच सावरून म्हणतात, "हे लिहून घेऊ नका. याला मार्क नाहीत."

त्यांची लाडकी केस मण्यारची. "पहाटेची वेळ. जमिनीवर झोपलेला माणूस. पोटात दुखतंय, पापण्या उचलत नाहीत, चावल्याची खूण नाही. मण्यार! १७ सेकंद! उरलेले ४६ अवघड प्रश्नाला ठेवा."

डोळखांबकडच्या एका मॅडमनी हात वर केला. "सर, आमच्याकडे पेशंट पापण्यांचं सांगतच नाही. रात्र भगताकडे काढून येतो आणि म्हणतो, जागरण झालंय, डोळे जड झालेत."

सर क्षणभर गप्प झाले. "असा पर्याय परीक्षेत येत नाही," म्हणाले. वहीत मात्र त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. हे मी पाहिलं.

सरांची खरी परीक्षा बघायची तर रक्त गोठण्याच्या चाचणीच्या दिवशी यावं. घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असला की शिरेतलं २ मिली रक्त काचेच्या नव्या कोऱ्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. गोठलं नाही तर विष भिनलंय, प्रतिविष सुरू करा. नळी साबणाने धुतलेली नको, प्लास्टिकची तर नकोच. इतकी साधी, बिनखर्चाची चाचणी, पण २० मिनिटं नुसतं बसायचं म्हणजे सरांना फाशीच. मुरबाडच्या एका धट्ट्याकट्ट्या डॉक्टरचं रक्त काढलं, नळी टेबलावर उभी केली. दुसऱ्या मिनिटाला सर वाकून बघून आले. चौथ्या मिनिटाला त्यांचा हात नळीकडे गेला, तो धसईच्या डॉक्टरने वरच्यावर धरला. "सर, हलवली की चाचणी बाद."

मग सरांनी हिशेब मांडला: उरलेल्या १६ मिनिटांत १५ प्रश्न बसतात. १५ घेतले. त्यात एक फार उपयोगाचा निघाला: कीटकनाशक प्यालेल्याला अ‍ॅट्रोपिन देताना बाहुल्यांकडे बघत बसू नका, छाती मोकळी झाली का ते ऐका. शेवटी नळी तिरकी केली. रक्त गोठलं होतं. "शाब्बास!" म्हणून सरांनी त्या डॉक्टरशी हस्तांदोलन केलं, जणू त्याने ते अभ्यास करून गोठवलं होतं.

घेतलेली फी वसूल होईल इतकं सर शिकवतात, यात वाद नाही. पण देव न करो, तुम्हाला शेतात काही चावलंच, तर त्यांना फोन करू नका. ते आधी चार पर्याय देतील. १०८ लावा. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चावलेला हातपाय हलवू नका, आणि वाटेत भगताचं घर लागलं तरी गाडी न थांबवता सरळ सरकारी दवाखाना गाठा.