भिंत सरकारची, धूळ आमची

स्वतःच्या मालकीच्या घराची दुरुस्ती काढणारी माणसं आधी बहिणीकडे डोंबिवलीला मुक्काम हलवतात, सामान कुणाच्या तरी रिकाम्या फ्लॅटमध्ये टाकतात आणि मग फरशी बदामी घ्यायची की पांढरी यावरून एकमेकांशी अबोला धरतात. भाडेकरूच्या नशिबात असले अबोले नाहीत. तो दुरुस्ती काढत नाही. गोवर निघतो तशी ती निघते. कधी निघेल, किती दिवस अंगावर राहील आणि कुठे कुठे खुणा ठेवून जाईल, हे घरातल्या कुणाच्याच हातात नसतं.

आम्ही शिवडीच्या बीडीडी चाळीत राहतो. म्हणजे आमचा घरमालक सरकार. असा मालक असण्याचे फायदे आहेत. मुलाचं लग्न ठरलं म्हणून खोली रिकामी करा, असं तो म्हणत नाही. दर महिन्याला दारात उभा राहून आपल्या भांड्यांकडे बघत नाही. अडचण एवढीच, की त्याच्याशी भांडता येत नाही. भांडायला समोर तोंड लागतं. इथे तोंड म्हणून जो येतो त्याच्या हातात फक्त वही असते आणि तो म्हणतो, "मला वरून सांगितलंय." आमच्या वर तिसरा मजला आहे आणि त्याच्यावर गच्ची, एवढंच आम्हाला माहीत.

चाळींचा जन्मही असाच वरून सांगून झालेला. गव्हर्नर लॉइड यांनी 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, त्याचंच हे बीडीडी. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला आणि त्या पैशातून गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत केला. झाल्या साधारण सोळा हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 इमारती, तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. बांधून झाल्यावर कामगार राहायलाच येईनात, कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग भरून वाहू लागले तेव्हा सरकारने वरळीच्या चाळींतच तात्पुरता तुरुंग थाटला. आतून फारसा काही बदल करावा लागला नसेल, असं माझा नवरा दर पाहुण्याला सांगतो.

काँक्रीट मात्र साहेबाने सढळ हाताने ओतलं. आमच्या भिंतीत खिळा ठोकायला गेलं की खिळा नमस्कार करतो. सासूबाईंच्या लग्नाचा फोटो म्हणून कायम पोटमाळ्याच्या लाकडाला लटकलेला. इतकी वर्षं या भिंतींनी आम्हाला एक कॅलेंडर लावू दिलं नाही आणि एका पावसाळ्यात छत आपण होऊन खाली यायला लागलं. पहिला तुकडा तिसऱ्या खोलीतल्या मावशींच्या परातीत पडला. परातीत भाकरीचं पीठ होतं. मावशींनी ते पीठ आणि तो तुकडा तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवला. अर्ज लिहिण्यापेक्षा हे बरं, पीठ चाळावंच लागतं.

मग वहीवाला आला, त्याच्या मागून हातोडीवाले साहेब आले. साहेब छतावर हातोडी ठोकत आणि कान लावून ऐकत. टण्ण वाजलं तर काँक्रीट शाबूत, भद्द वाजलं तर पोकळ. खाडीच्या दमट खाऱ्या हवेने आतल्या सळया गंजतात, गंजल्या की फुगतात आणि फुगल्या की काँक्रीटला आतून फोडतात, हे त्यांनी फार समजावून सांगितलं. आमच्या खोलीत ते ठोकत गेले तसं एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत भद्द, भद्द, भद्द. सासूबाई म्हणाल्या, "यांना डोकं ठोकून बघायला सांगू नका हो कुणी."

एवढं झाल्यावर मजल्यावर लगेच दोन पक्ष पडले. कारण साधं होतं. वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळी पाडून तिथे टॉवर उठवायचं ठरलं, घरटी 500 चौरस फूट, तेही मालकीचे. शिवडीच्या बारा इमारती मात्र पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर उभ्या. जमीन केंद्राची, चाळ राज्याची, आणि भाडेकरू मध्ये. त्यामुळे आमच्या टॉवरची फाईल ही शिवडीच्या फ्लेमिंगोंसारखी नाही. फ्लेमिंगो निदान दर थंडीत दिसतात.

अण्णांचा पक्ष म्हणे, दुरुस्ती होऊच देऊ नका. इमारत धडधाकट दिसली की पुनर्विकास गेला अजून वीस वर्षं लांब. पडायला झालीय तशीच राहू द्या, तोच आपला पुरावा. मावशींचा पक्ष म्हणे, पुरावा डोक्यात पडला तर पाचशे फुटांत राहायला कोण, फोटो? दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटत होतं. दोन्हीकडे हळदीकुंकवाला जायचं असल्यामुळे पटणं भागही होतं. सभेत ठराव झाला तो असा, की दुरुस्तीला विरोध आहे, परंतु ती लवकर व्हावी.

काम सुरू झालं आणि 160 चौरस फुटांचं खरं क्षेत्रफळ कळलं. खोलीतलं सामान बाहेर काढल्यावर ते खोलीत मावत होतं यावर कुणाचा विश्वास बसेना. कपाट, पिंप, शिलाई मशीन, गॅसची शेगडी, गणपतीचं मखर, पोटमाळ्यावरची पितळी भांडी, कुणाचं कोण जाणे असं एक हार्मोनियम, हे सगळं मधल्या पॅसेजमध्ये. पॅसेज मुळात अंधारा, दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं. आता त्यात प्रत्येकाचा संसार उघडा. कुणाच्या गादीला किती ठिगळं, कुणाकडे मिक्सर दोन, आणि मागच्या दिवाळीत हरवलेली आमची किसणी कुणाच्या डब्यात, सगळं दिवसाउजेडी. किसणीविषयी मी काही बोलले नाही. उचलून आणली.

सासूबाईंचा पलंगही पॅसेजमध्ये गेला, आणि हे त्यांच्या आयुष्यात घडलेलं सर्वांत चांगलं काम ठरलं. इतकी वर्षं दारातून डोकावून जेवढं दिसे तेवढ्यावर त्यांना भागवावं लागायचं. आता संपूर्ण मजला त्यांच्या नजरेखालून जात-येत होता. त्या जाणाऱ्याला "कुठे?" आणि येणाऱ्याला "एवढा उशीर?" विचारत. मिस्त्री सिमेंट घेऊन आला की किती गोण्या आणल्या ते कॅलेंडरच्या मागे टिपून ठेवत. मुकादम त्यांना एवढा वचकून होता की मोजमाप घेताना टेपचं दुसरं टोक तो त्यांच्याच हातात द्यायचा.

आवाजाबद्दल काय सांगू. ब्रेकर मशीन चालू झालं की चौथ्या खोलीत चाललेलं काम आमच्या दाढेत जाणवायचं. मोबाईलवर बोलणं बंद, फक्त "नंतर करते" एवढंच ओरडायचं. शेजारच्या वहिनींचं तान्हं बाळ पहिल्या दिवशी घाबरून रडलं, मग त्याला त्या आवाजाचीच सवय लागली. दुपारी बिगारी जेवायला बसले आणि मशीन थांबलं की ते टक्क जागं. शेवटी वहिनी पिंपावर लाटणं आपटून त्याला झोपवायच्या.

धूळ मात्र सगळ्यांना सारखी. फडका मारायचा, की मागे वळेपर्यंत परत तोच थर. मीठ, साखर, पीठ आणि सिमेंट यांतला फरक चवीशिवाय कळेना. देव्हाऱ्यातले सगळे देव शंकर झाले, एकजात भस्म फासलेले. सासूबाईंनी पॅसेजमधूनच हात जोडले आणि म्हणाल्या, "श्रावणातच काम काढलंय, बरंय."

मग बाहेरून परांची चढली. बांबू, काथ्या, आणि त्यावर मालदाकडचा एक सडपातळ पोरगा, जो जमिनीवर असल्याच्या थाटात दुसऱ्या मजल्याच्या उंचीला उभा राहायचा. आमच्या खिडकीसमोरचा गिलावा टाचायचं काम त्याच्याकडे. मी पडदा लावला. उजेड गेला म्हणून काढला. परत लावला, तर गरम होऊन जीव चाललेला. अखेर पडदा उघडा ठेवून दोघांनी एकमेकांकडे न बघायचं असं न बोलता ठरलं. ते टिकलं सकाळच्या दुधापर्यंत. "भाभी, दूध!" तो ओरडला आणि मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यानंतर तो घरातलाच झाला. संध्याकाळच्या मालिकेचा दुपारी पुन्हा लागणारा भाग तो छिन्नी थांबवून बघायचा. भाषा कळत नसूनही कुठली सून कपटी आहे ते त्याने माझ्या आधी ओळखलं. परांची उतरवली तेव्हा सासूबाईंनी त्याला डबा भरून चिवडा दिला. पुढे महिनाभर आमचं दूध उतू जात होतं.

आता संडास. हा विषय टाळून बीडीडीवर लिहिणाऱ्याने बीडीडी बघितलेली नाही असं समजावं. संडास मजल्याला सामाईक, आणि आमच्या मजल्याचे दुरुस्तीसाठी एकदम बंद. म्हणजे खालच्या मजल्यावर जायचं. पहिल्या मजल्याशी आमचे संबंध आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी त्यांच्या पापडांवर गळल्यापासून ताणलेले होते. आता सकाळी सहाला हातात बादली घेऊन त्याच लोकांसमोर हसायचं. पहिल्या मजल्याने हे राज्य फार समजूतदारपणे चालवलं. आधी कुलूप, मग चावी, मग चावी ठेवणारा माणूस, मग त्या माणसाच्या वेळा. आम्ही तह केला. साड्या नीट पिळून वाळत घालू, पापडांच्या दिवसांत अजिबात घालणार नाही, आणि नारळी पौर्णिमेला नारळीभात खाली पाठवू. नारळीभात पाठवल्यावर सहा ते सातची वेळ आम्हाला मिळाली.

काम किती दिवस चालेल म्हणून मुकादमाला विचारलं तर तो म्हणायचा, "गणपतीच्या आत." कुठल्या साली हे त्याने कधी सांगितलं नाही, आणि तेवढ्यापुरता तो खोटं बोलत नव्हता. आमच्याच शिवडीतून न्हावा-शेव्याला जाणारा अटल सेतू 2018 साली सुरू होऊन जानेवारी 2024 मध्ये पुरा झाला, 21.8 किलोमीटर, बराचसा समुद्रावरून. माझा काही आरोप नाही. समुद्रात निदान दाराची कडी बसवायची नसते.

गिलावा झाल्यावर वहीवाला सांगून गेला, "निदान सात दिवस पाणी मारत राहा, नाहीतर तडे जातील." सिमेंटला पाणी लागतं हे खरंच आहे. पण आम्हाला पाणी येतं ते पहाटे, आणि जेवढं येतं त्यात माणसं, भांडी आणि कपडे यांचा आधीच वाद चाललेला. त्यात आता भिंत उमेदवार. नवऱ्याने आंघोळ भिंतीला टेकून करावी म्हणजे दोघांचं भागेल, अशी सूचना सासूबाईंनी केली. शेवटी भांडी विसळलेलं पाणी मारलं. साहेबांनी नंतर येऊन हातोडी ठोकली तर टण्ण वाजलं. नव्या छताला अजूनही ढगाळ दिवशी किंचित आमटीचा वास येतो, असं मला वाटतं. नवऱ्याला नाही वाटत, पण त्याला आमटीचासुद्धा वास येत नाही.

याच सुमारास अण्णांचं प्रकरण उघडकीला आलं. दुरुस्तीविरोधी पक्षाचे पुढारी संध्याकाळी दार ओढून घेऊन बसतात म्हणून आम्हाला वाटायचं, निवेदनं लिहीत असतील. सासूबाईंच्या कॅलेंडरमागच्या हिशेबात दोन गोण्या सिमेंट जुळेना. त्यांनी पलंगावरूनच तपास लावला. मिस्त्रीला हाताशी धरून अण्णांनी मोरीचा कट्टा नवा करून घेतला होता, फरशी बसवून घेतली होती आणि वर पोटमाळ्याला जिना. मावशी तडक बघायला गेल्या आणि फरशीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अण्णा, पुरावा झकास आहे."

सासूबाई पॅसेजमधून आत यायला तयार होईनात, हे सांगायचं राहिलंच. पाठदुखीचं कारण त्यांनी दिलं. शेवटी पाऊस आत यायला लागला म्हणून आल्या, पण दार बंद करू देत नाहीत.

मागल्या वर्षी, 14 ऑगस्ट 2025 ला, वरळीच्या चाळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात माझी मामेबहीण. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो, अण्णाही आले, शिवडीच्या वतीने पाहणी करायची म्हणून. लिफ्टचं दार उघडलं आणि ओळखीचा आवाज कानावर आला. ब्रेकर. वरच्या मजल्यावर एक, खालच्या मजल्यावर दोन. ज्यांच्या घरात काय तोडायचं ते आयुष्यभर सरकारने ठरवलं, ती माणसं आता आपल्या खर्चाने, आपल्या हौसेने कोऱ्या फरश्या उखडत होती. कुणाला ओटा एल आकाराचा हवा, कुणाला देव्हारा ईशान्येला. पॅसेजमध्ये सामान, सिमेंटच्या गोण्या, घमेली. मामेबहीण ओरडून म्हणाली, "पुढच्या आठवड्यात आमचंही सुरू होतंय. चांगला मिस्त्री आहे का कुणी?" अण्णांनी खिशातून नंबर लिहिलेली चिठ्ठी काढली, आणि वर, फरशी अमुकच घ्या म्हणून तिला बाजूला घेऊन गेले.

सासूबाई कुठे दिसेनात. शोधलं तर लिफ्टसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेल्या. टाइल्सचा खोका खांद्यावर घेतलेला एक मजूर लिफ्टमधून उतरत होता, त्याला त्यांनी हात करून थांबवलं.

"कितव्या मजल्याचा रे माल?"