रस्त्याचे इनामदार

पूर्वी ज्यांच्या वाडवडिलांस पराक्रमाबद्दल गावे इनाम मिळत, त्यांच्या फडताळात निदान एखादी जीर्ण सनद तरी असे; परंतु ज्या गृहस्थांचे चित्र येथे रेखाटावयाचे आहे, त्यांनी बल्लारपूरचा हमरस्ता कोणत्याही सनदेवाचून, केवळ मोटारीच्या मासिक हप्त्यांच्या बळावर, आपल्या खासगीत दाखल करून घेतला आहे. गोंड राजांनी वर्धेकाठच्या येथील किल्ल्यातून आपली राजधानी चांद्यास हलविली त्याला कैक शतके लोटली; तेव्हापासून रिकामे पडलेले सिंहासन इनामदारसाहेबांनी आपल्या गाडीच्या पुढील उजव्या आसनावर पुनश्च मांडले आहे, आणि मागच्या काचेवर कुलदैवताचे नाव लिहून त्याची रीतसर प्राणप्रतिष्ठाही केली आहे. असे इनामदार गावात एक नाहीत, आणि एकाच वर्णाचे वा व्यवसायाचेही नाहीत. म्हणून त्यांचे नाव सांगण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

गंमत अशी की, हे घराणे मूळचे सायकलस्वारांचे. 1945 साली स्थापन झालेल्या कागदाच्या कारखान्याने या गावाला जी अन्नवस्त्राची शाश्वती दिली, तिच्या जोडीला काळ्या, भारदस्त, कॅरियरवाल्या सायकलीही दिल्या. पाळी सुटली म्हणजे हँडलला रिकामा डबा अडकवलेल्या कामगारांचा लोंढा रस्त्यावर येई, आणि त्याच लोंढ्यात इनामदारसाहेबांचे तीर्थरूपही असत. स्वतः साहेब दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत वाढले, हे सांगणारे साक्षीदार गावात आजही हयात आहेत. सायकलस्वार हा त्या काळी कायद्याच्या दृष्टीने जरा संशयित इसमच मानला जाई : कित्येक नगरपालिका सायकलीवर कर बसवून पत्र्याचा बिल्ला देत, रात्री दिवा नसला की हवालदार शिट्टी फुंकी, आणि डबलसीट सापडल्यास दोघांचीही पंचाईत होई. सायकलीकडे संशयाने पाहण्याची ती हवालदारी दृष्टी मात्र साहेबांनी वारसाहक्काने उचलली. बिल्ला गेला, दिवा तपासणारा शिपाई गेला, आणि त्या खात्याचा मानद कार्यभार साहेबांकडे आला.

त्यांच्या कारभाराचे प्रमुख साधन म्हणजे हॉर्न. इतर सामान्य जन हॉर्नचा उपयोग इशारा म्हणून करतात. साहेब त्याचा उपयोग फर्मान म्हणून करतात. याला एक शारीरिक कारणही आहे. या मुलखातील रिवाजाप्रमाणे त्यांच्या गालात सुपारी-तंबाखूचा घोटीव खर्रा अष्टौप्रहर मुक्कामाला असल्यामुळे वाणीचे सर्व कार्य हॉर्नकडेच येते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो, साहेबांच्या काचा गारव्यासाठी बंद असतात, आणि बाहेर डोक्याला दुपट्टा गुंडाळून कोणी म्हातारा कॅरियरवर पोते बांधून संथपणे पायडल मारीत असतो. त्याच्या पाठीशी वीतभर अंतरावर हॉर्न कडाडतो. म्हातारा दचकतो, सायकल वाकडी होते, आणि तिचे ते वाकडे होणे हाच गुन्ह्याचा पुरावा मानून साहेब काच खाली करतात, पिंक टाकून वाणी मोकळी करतात आणि विचारतात, ‘‘काय गा, रस्ता तुह्या बापाचा होय का?’’

‘‘नाही जी,’’ दुपट्ट्याने घाम टिपीत म्हातारा म्हणतो, ‘‘माह्या बापाचा कुठचा? तुमच्याच बापाचा दिसते.’’

हे उत्तर साहेबांना अक्षरशः मान्य असल्यामुळे तंटा तेथेच मिटतो.

परंतु साहेबांचे खरे दर्शन घ्यावयाचे तर बामणीच्या फाट्यावर घ्यावे. राजुऱ्याकडून कोळशाचे ट्रक येतात, आलापल्लीकडून सागाचे ओंडके येथल्या डेपोसाठी लादून येतात. आणि असे एखादे वाहन आरशात दिसू लागताच इनामदारांच्या मुद्रेवरील तेज एकाएकी मावळते. आजवर ज्याने कोणास बाजू दिली नाही, तो पुरुष अत्यंत विनयाने साइडपट्टीवर उतरतो. तेथे पूर्वीपासून जो सायकलस्वार चाललेला असतो, त्याला अर्थातच नालीत उतरावे लागते. ट्रक निघून जातो, काचेवर काळी भुकटी बसते, आणि साहेब शेजारच्यास व्यथित अंतःकरणाने म्हणतात, ‘‘लहान गाडीवाल्याचा जीव म्हणजे जीवच नाही बाप्पा यायले! एवढा मोठा रोड, पण जराशी बाजू म्हणून देत नाही.’’ दुर्बलांच्या हक्कांविषयी याहून कळकळीचे भाषण मी ऐकलेले नाही. नालीतून सायकल ओढून काढणारा इसम तेच भाषण एका अक्षराचाही फरक न करता करू शकला असता. त्याच्या तोंडी मात्र त्या वेळी दुसरे शब्द होते.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार चालविण्याविषयीचे जे विनियम केंद्र सरकारने 2017 साली जारी केले, त्यांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावरच टाकले आहे, आणि विनाकारण हॉर्न वाजविण्यासही मनाई केली आहे. साहेबांनी हा मजकूर वाचलेला नाही. आणि कोणी वाचून दाखविलाच, तर तो मुंबई-पुण्याकडच्या लोकांसाठी असावा, असे त्यांचे प्रामाणिक मत पडते.

या सर्वांत घातक क्षण वेगाचा नसून थांबण्याचा असतो. पानठेल्यासमोर गाडी उभी राहते, खर्र्याची पुडी घ्यावयाची असते, आणि साहेब मागे न पाहता उजव्या हाताने उजवे दार सताड उघडतात. त्याच क्षणी मागून शाळेची मुलगी सायकलवर येत असते. तिने ब्रेक दाबून एक पाय जमिनीवर टेकला तर ठीक, नाहीतर दार चुकविण्यासाठी ती ज्या बाजूस वळणार, त्या बाजूने मोठी वाहने धावत असतात. साहेब तिच्याकडे पाहून म्हणतात, ‘‘पाहून चालव ना!’’ हॉलंडसारख्या सायकलप्रिय देशात या रोगावर एक फुकटचा उपाय आहे : दार जवळच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडावयाचे. असे करताना देह आपोआप वळतो, मानही वळते, आणि मागून येणारी सायकल दिसल्यावाचून राहत नाही. इनामदारसाहेबांस माझी एवढीच नम्र विज्ञापना आहे, की रस्ता खुशाल आपल्याच वहिवाटीत ठेवावा, हॉर्नही वाटल्यास काही दिवस चालू राहू द्यावा. परंतु पानठेल्यासमोर उतरताना दार तेवढे डाव्या हाताने उघडावे.