रूट साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
मा. रूट साहेब (वापरकर्ता क्रमांक ०)

विषय : आपल्या परवानगीवाचून एसएसएच सर्व्हर चालवीत असल्याबाबत.

स. न. वि. वि.

१०२४ च्या खालचे सगळे पोर्ट आपल्या मालकीचे. हा कायदा बर्कली युनिक्सच्या काळातला. तेव्हा मशिनं मोजकी आणि रूट म्हणजे कुणीतरी जबाबदार माणूस, त्यामुळे खालच्या पोर्टवरून आलेल्यावर पलीकडचं मशीन डोळे झाकून विश्वास ठेवी. आता लॅपटॉप घेतला की कुणीही रूट होतो. कायदा मात्र जागच्या जागी आहे.

१९९५ साली हेलसिंकीच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले होते. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ रिकामा दिसला, म्हणून त्यांनी तो ईमेलने मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळालाही. आमच्या कचेरीत असाच एक अर्ज केला होता. तो 'विचाराधीन' आहे.

म्हणून पोर्ट २२२२ घेतला. होस्ट की माझ्याच होम डिरेक्टरीत बनवली, कॉन्फिग फाइल तिथेच, पीआयडी फाइलही तिथेच. आपल्या कुठल्याही फोल्डरला बोट लावलेलं नाही. एसएसएचडीला नुसत्या नावाने हाक मारली तर तो अडून बसतो, पूर्ण पाथ दिला की मुकाट उठतो. (त्याचे मानपान आपल्याकडूनच आले असावेत.) शॅडो फाइल वाचायची मला मुभा नाही, तेव्हा पासवर्डचा नादच सोडला. आत यायचं तर चावी हवी. आणि येणार कोण? फक्त मी. दुसऱ्या कुणाच्या नावाने शेल उघडून द्यायचा अधिकार माझ्या सर्व्हरला नाही. उद्या कुणी तो फोडलाच तर माझ्या फाइली जातील. आपला फोडला तर वाडा, विहीर, तिजोरी सगळंच.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. माझा सर्व्हर बंद पडला, तर याच मशीनवरचा कुणीही २२२२ अडवून माझ्या नावाने दुकान मांडू शकतो. आपल्या २२ वर ती हिंमत कुणाची होणार नाही. पण त्याच्यापाशी माझी होस्ट की नसेल, आणि माझा क्लायंट लगेच बोंब ठोकेल. ती बोंब न वाचता जुनी नोंद पुसून पुढे जाणाऱ्यांना आपला १०२४ चा कायदाही वाचवणार नाही.

मशीन रीबूट झालं की क्रॉन मला पुन्हा उभं करतो. क्रॉन आपलाच नोकर, पण त्याला रागावू नये.

प्रोसेसच्या यादीत मी दिसेनच, तेव्हा आपण 'किल' करालच. तो हक्क आपला. फक्त मुख्य प्रोसेस मारून निवांत होऊ नये. आधीपासून उघडलेलं सेशन त्याने तुटत नाही, आणि हे पत्र मी तिथूनच लिहितो आहे.

आपला आज्ञाधारक,
वापरकर्ता क्रमांक १०१७