वांधा काढायची पाळी आपली

"काकू, तुमचं पार्सल आलंय हो. तुम्ही मळ्यात होतात, म्हणून त्या पोऱ्यानं आमच्याकडंच टाकलं. ओटीपी तुमच्या सुनेकडून फोनवर घेतला. काय मागवलं एवढं? हलकंच लागू राहिलं."

"साडी गं. साडेसहाशेची. पैठणी म्हणे."

"साडेसहाशेत पैठणी? काकू, येवला काय परदेशात आहे का?"

झालं, कुंपणाशीच सभा भरली. काकूंनी पुडकं तिथंच फाडलं. फोटोत मोरपंखी, हातात पोपटी. मी पदर उलटा केला तर मागं धागेच धागे. हातमागावरच्या पैठणीचा काठ-पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो. यंत्रमागाच्या साडीचे मागचे धागे सुटलेले नाहीतर कापलेले असतात. येवल्यात गादीवर बसून साडी घेतलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही, पण मोबाइलवर साडी उलटी कशी करणार?

"द्या परत पाठवून. सात दिवसांची मुदत दिसतेय."

"घेतील?"

"न घ्यायला काय झालं? वांधा काढा!"

काकू एवढ्या हसल्या की आतून काका बाहेर आले. हसण्याचं कारण बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडं बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लावला की व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेतो, दाबून पाहतो आणि मगच बोली लावतो. टोमॅटोच्या क्रेटमध्येही हात घालून खालचा माल पाहतात. एवढं पाहून भाव ठरला तरी खळ्यावर माल खाली करताना 'खालून बारीक निघाला' म्हणायची सोय राहतेच. यालाच वांधा काढणं म्हणतात. ट्रॉली अर्धी रिकामी झालेली असते, भाड्याचा ट्रॅक्टरवाला घाई करू राहिलेला असतो. मग क्विंटलमागं जो काय भाव तुटेल तो मान्य करून शेतकरी घरी येतो. काकांनी असे किती वांधे गिळलेत, ते काकूंना विचारा.

त्या काकूंना आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय की माल घरी न्या, उघडा, नाही पटला तर परत करा. बायकांना ऑनलाइनचं वेड स्वस्ताईमुळं लागलं, असं पुरुष मंडळी पारावर बोलतात. मला नाही तसं वाटत. वांधा काढायचा मान मिळाला, म्हणून लागलं. दुकानात चार साड्या उलगडायला लावून न घेता उठलं, तर दुकानदाराचं तोंड बघा कसं होतं!

काका मात्र पेटले. "अन् उधारी? उधारी देतो का तुमचा मोबाइल?"

यावर आम्ही दोघी गप्प. 'आता घ्या, नंतर भरा' मोबाइलवरही असतं, पण हप्त्याची तारीख द्राक्षबागेला विचारून ठरत नाही. आमच्या गावात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. तो टोमॅटोच्या हंगामात येतो, नाहीतर द्राक्षं खुडल्यावर. गोडी छाटणीपासूनची औषधं-खतं कृषी सेवा केंद्रवाला वहीत लिहून ठेवतो आणि बाग उतरेपर्यंत थांबतो. त्याचा भाव थोडा चढा असतो खरा. थांबायचे पैसे तो त्यातच लावतो, हे काकाही जाणतात.

काकूंच्या धाकट्यानं मागं औषध ऑनलाइन मागवलं होतं. त्यात बेकायदा काही नाही. 2022च्या नोव्हेंबरपासून परवानाधारक विक्रेत्याला कीटकनाशकं ऑनलाइन विकता येतात. पण अवकाळी पाऊस पडला आणि बागेवर डाऊनी रोगाची भीती उभी राहिली, तेव्हा पार्सल 'वाटेत' होतं. शेवटी दुकानदारानं रात्री शटर वर करून औषध दिलं. ते पार्सल आलं फवारणी उरकल्यावर, आणि ठेवलं गेलं त्याच दुकानात, कारण मळ्याचा पत्ता पोऱ्याला सापडेना!

औषधाच्या बाबतीत मी काकांच्या बाजूनं. दुकानातून घ्या किंवा मोबाइलवरून, बिल आणि बॅच नंबर जपून ठेवा. 2010 साली क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडल्यावर आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते इथं कुणी विसरलेलं नाही. तो वांधा सातासमुद्रापलीकडून निघाला होता.

"मग काय, दुकानवालेच चांगले म्हणायचे," काका म्हणाले.

"चांगले आहेत की. पण ती पाटी काढायला सांगा त्यांना. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'"

"ती तर सगळीकडंच असते."

असते, म्हणून ती बरोबर होत नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. नुसता रंग आवडला नाही म्हणून दुकानदारावर सक्ती नाही, पण फाटकी, डागाळलेली साडी त्यानं घ्यायलाच हवी. ऑनलाइनवाल्यांनाही मोकळं रान नाही. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात, असा नियम आहे.

तेव्हा दुकानदार भाऊंनो, उधारीची वही तुमच्याकडं आहे, रात्री उघडणारं शटर तुमच्याकडं आहे. वांध्याचा मानही द्या, म्हणजे काकू मोबाइल बाजूला ठेवून तुमच्या पायरीवर येतील. आणि बायांनो, पाच रुपये सोडून देतो म्हणाला तरी बिल सोडू नका. बिल असूनही कुणी ऐकेना, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.