लावाभाऊ

भात पसवताना पेज हातावर सांडते, 'माय वं' अशी किंकाळी अंगण ओलांडते आणि ती विरायच्या आत लावाभाऊ दारात हजर असतात. एका हातात टूथपेस्टची ट्यूब, दुसऱ्यात हळदीची पुडी. बाई मोरीकडे धावत असली, तर भाऊ मधे आडवे होतात.

"पाणी नोको टाकू वं, फोड येते!"

हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "हे लावा." बारशाचं नाव मागे पडून लावाभाऊ हेच नाव वस्तीत रुळलं ते या दुसऱ्या वाक्यामुळे.

असा एक भाऊ महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीत असतो. पण तो सौंदडात असावा, यात जरा जास्तच गंमत आहे. मुंबई-कोलकाता महामार्गावरचं, सडक अर्जुनी तालुक्यातलं हे धानाच्या मुलखातलं गाव. गोंदिया आणि भंडारा म्हणजे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजानं इथे पिढ्यान् पिढ्या पाणी अडवलं, शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध तर पर्यटकही पाहायला येतात. तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचं नावसुद्धा चुलबंद. चूल बंद करा आणि नदीकडे या, इतकी स्पष्ट सूचना नकाशानं दिलेली असताना भाजल्यावर पाणी सोडून बाकी सगळं लावायचं, हा भाऊंचा शोध.

शोध अगदीच निराधार नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात शंभर वेळा पाहिलंय की पाणी टाकलं आणि थोड्या वेळानं फोड आला. फक्त पाणी न टाकलेले हात त्यांनी मोजले नाहीत. कातडीचा वरचा थर खालच्यापासून सुटतो, मधे पाझर साठतो, तो फोड; त्याचं मूळ चटक्यातच असतं. पाणी बिचारं नंतर येतं आणि आळ घेऊन जातं.

भाऊंचं औषधालय मोठं आहे. टूथपेस्ट, हळद, तूप, चुलीतली राख, भिजवलेली कणीक, बटाट्याची साल, शाळकरी पोराच्या दौतीतली निळी शाई. यात टूथपेस्ट सर्वांत लबाड. तिच्यातला पुदिन्याचा अर्क थंडाव्याच्या नसांना गुदगुल्या करतो. रुग्ण "हो, गार वाटून राहिलं" म्हणतो, भाऊ गर्दीकडे पाहतात, आणि कातडीतली उष्णता त्या पांढऱ्या लेपाखाली आपलं काम निवांत चालू ठेवते. पुढे दवाखान्यात नर्सला आधी तो लेप खरवडून काढावा लागतो. शाई असेल तर आणखी बहार: भाजलंय किती खोल, हे डॉक्टरला कातडीच्या रंगावरून ओळखायचं असतं आणि रंग भाऊंनी आधीच देऊन ठेवलेला असतो.

भाऊंना एकट्यालाच हसणं मात्र अन्यायाचं होईल. चुन्याची निवळी आणि खोबरेल हा आजीचा उपाय घ्या. स्कॉटलंडमधल्या कॅरन इथल्या लोखंडाच्या कारखान्यात चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून भाजलेल्या कामगारांना लावत. पुढे ते 'कॅरन ऑइल' म्हणून डॉक्टरांच्या पुस्तकांतही बसलं. 1797मध्ये इंग्लंडात एडवर्ड केंटिश या डॉक्टरनं खाणीत भाजलेल्या मजुरांसाठी गरम टर्पेंटाइनची तरफदारी केली. दोनच वर्षांनी जेम्स अर्ल या सर्जननं थंडाव्याची बाजू घेऊन पुस्तक छापलं. सुश्रुतसंहितेत भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार आहेत आणि त्यातल्या सर्वांत हलक्या प्रकाराला शेक द्यायला सांगितलंय. भाऊंनी सुश्रुत वाचलेला नाही, हे सौंदडचं नशीब.

आता हा वाद मिटला आहे. साधं, वाहतं, गार पाणी, आणि तेही 20 मिनिटं. चटका बसून तीन तासांच्या आत असेल तरी उपयोग होतो, पण जितकं लवकर तितकं बरं. 70 अंशांचं पाणी कातडीला सेकंदभरात भाजतं. चहाचा कप तिथून फार लांब नसतो. चटका देणारी वस्तू दूर झाली तरी कातडीच्या आत शिरलेली धग खाली खाली उतरत राहते, तिला बाहेर काढायला वेळ लागतो. बर्फ नको, तो रक्तवाहिन्या आवळतो आणि स्वतःची वेगळी इजा करतो. बांगड्या, अंगठी सूज चढण्याआधी काढायची, फोड फोडायचा नाही, वर स्वच्छ, न चिकटणारं काहीतरी सैल झाकायचं. भाजलेला भाग रुग्णाच्या तळहाताहून मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, वीज किंवा रसायनाचा असेल, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर 108ला फोन.

यात भाऊंची खरी अडचण लक्षात येते. पाण्याला गंध नाही, रंग नाही, आणि ते प्रत्येकाच्या घरी आहे. मग भाऊ घरून काय आणणार? मंडईत भज्यांच्या कढईतलं तेल एखाद्याच्या मनगटावर उडतं, भोवती पन्नास माणसं जमतात. अशा वेळी "नळाखाली धरा" एवढंच म्हणून घरी जाण्यात कसली शान? ट्यूब पिळताना मात्र सगळे बघतात.

हे मर्म पहिल्यांदा ओळखलं वस्तीतल्या आशाताईंनी. भाऊंशी वाद घालून त्या आधी दोनदा हरल्या होत्या. तिसऱ्या वेळी, एका पोरीच्या पायावर चहा सांडला आणि नळ गेलेला होता, तेव्हा त्यांनी भाऊंच्या हातातली ट्यूब अदबीनं काढून घेतली.

"भाऊजी, बोरिंग हाणाले दमदार माणूस पाह्यजे. 20 मिनिटं. दुसऱ्या कोणाच्यानं होणार नाही."

भाऊंनी बाह्या सरसावल्या. पोरीचा पाय धारेखाली, आशाताईंची नजर मोबाइलच्या घड्याळावर. पाचव्या मिनिटापर्यंत भाऊ हळदीचे गुण सांगत होते. नवव्याला फक्त राखेचे. बाराव्याला त्यांचा आवाज बंद झाला आणि हापशाचा तेवढा उरला.

"झाले का वं?" पंधराव्या मिनिटाला त्यांनी धापा टाकत विचारलं.

"पाच राहिले," आशाताई म्हणाल्या. पोरगी आता रडत नव्हती. ती भाऊंकडे बघत होती.

आता वस्तीत किंकाळी उठली की भाऊ आधी बोरिंगकडे धावतात. ट्यूब असते खिशात, पण दांडा धरायला दोन्ही हात लागतात.