लाखाचं जर्मनचं पातेलं

लाखभर रुपये मोजून घरात जर्मनचं पातेलं आणायचं आणि त्याला पातेलं म्हणणाऱ्याकडे रागानं बघायचं, हे आता आपल्या अंगवळणी पडलं आहे. 2008 साली अ‍ॅपलनं अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणजे आपल्या जर्मनच्या, अखंड ठोकळ्यातून लॅपटॉपची काया कोरून काढायला सुरुवात केली. मग इतरांनीही प्लॅस्टिक सोडून धातूची वाट धरली. आज दसऱ्याला या पातेल्याला गंध लागतं, झेंडू आणि आपट्याचं पान वाहिलं जातं. ही पूजा निरुपद्रवी आहे. घात होतो तो वर्षभराच्या सेवेत.

सेवेकऱ्यांचा पहिला पंथ आवरणवादी. धातूची झळाळी हवी म्हणून जास्त पैसे द्यायचे आणि त्याच संध्याकाळी तिच्यावर दोनशे रुपयांचं प्लॅस्टिकचं कवच चढवायचं. झळाळी कुणी पाहायची? बहुधा जुना माल घेणाऱ्यानं. तोही पाहत नाही, कारण कवचाखाली शिरलेली बारीक धूळ बॅगेतल्या प्रत्येक हिसक्यासरशी धातू घासत बसलेली असते. कवच काढून ती झटकण्याची पद्धत या पंथात नाही.

दुसरा पंथ घासणाऱ्यांचा, आणि तो अधिक जहाल. या मंडळींना घरातल्या पितळेचा अनुभव असतो. समई चिंचेनं लख्ख होते, मग लॅपटॉप का नाही होणार? कुणी लिंबू फिरवतं, कुणी टूथपेस्ट, कुणी धुण्याचा सोडा. पितळेवर चढलेली काळपट पुटं हा मळ असतो, ती निघाली की काम झालं. अ‍ॅल्युमिनियमचं उलटं आहे. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा येतो आणि तोच खालच्या धातूला राखतो. कारखान्यात हाच पापुद्रा आम्लाच्या कुंडात, वीज सोडून, मुद्दाम जाड करतात. त्याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. जाड म्हणजे तरी किती? काही मायक्रॉन, केसापेक्षाही कितीतरी कमी. रंगही त्यातच मुरवलेला. आम्ल आणि अल्कली दोन्ही त्याला खातात. म्हणजे आपण चिंच चोळतो ती मळावर नव्हे, चिलखतावर. घरोघरच्या आज्यांना हे रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं, त्या जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवू देत नसत.

तिसरा पंथ कशालाच हात न लावणाऱ्यांचा. हात मात्र सतत लॅपटॉपवर. घामात मीठ असतं, मिठातला क्लोराइड त्या पापुद्र्यातली कच्ची जागा शोधतो आणि तिथून धातूत शिरतो. तळवे टेकतात तिथे आधी खरखर लागते, मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. मुंबई, रत्नागिरी, मडगाव इथल्या लोकांना तर घामाचीही वाट पाहावी लागत नाही, खारा वारा खिडकीतून घरपोच येतो. त्यात मनगटावर स्टीलचं घड्याळ किंवा कडं असलं की कडेचा रंग उडायला वेळ लागत नाही, कारण धारदार कडेवरचा थर सगळ्यात आधी झिजतो. गडद रंग घेणाऱ्यांचं दुःख वेगळंच. 2022 मध्ये अ‍ॅपलनं मॅकबुक एअर ‘मिडनाइट’ रंगात आणला, त्यावर ठसे उठून दिसले आणि चार्जरच्या खाचेभोवती चंदेरी ओरखडे चमकले. पुढच्या वर्षी काळ्या मॅकबुक प्रोसोबत ठसे कमी उमटवणारा खास थर जाहीर झाला. माणसाला बोटं असतात ही बातमी कंपनीपर्यंत पोचायला एवढा काळ जावा!

एकदा खड्डा पडला की घरी काही होत नाही. घासून डाग गेल्यासारखा वाटला तर आजूबाजूचा थर गेला असं समजावं. नवा थर चढवायचा तर लॅपटॉपची आतडी बाहेर काढून धातूची काया आम्लात बुडवावी लागेल, आणि तेवढं करण्यापेक्षा डागाशी जमवून घेणं स्वस्त.

तेव्हा चिंच आमटीत घाला. घड्याळ काढून टाइप करा. लॅपटॉप बंद करा, चार्जर उपसा, साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसा आणि लगेच कोरडा करा. स्प्रे थेट त्याच्यावर मारू नका. आणि भेळ खाऊन कामाला बसणार असाल, तर आधी हात धुवा.